मास्तरांची कंबर, दर रविवारी

३ मार्च, सोमवार. सकाळी.

मापाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यातच सुरू करते. नवी वही आणली असती तर वन्संनी विचारलं असतं, कशाला.

मोबाइलवरच्या व्हिडिओतला तो दाढीवाला म्हणतो, नोंद ठेवल्याशिवाय रिझल्ट दिसत नाही, आणि नोंदीत लाजायचं नाही. मी कशाला लाजू? माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या रस्त्याला माहीत आहे. शाळा चौथीपर्यंत, अक्षर वाकडंतिकडं, पण जे आहे ते सरळ लिहीन.

तर. मास्तरांचं ताठ होत नाही. आठ महिने झाले.

लिहिलं. आभाळ कोसळलं नाही.

पेशंट म्हणजे माझा नवरा. वय एकसष्ट, धंदा टेलरिंग. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीपण. दिवसाला सहा सिगरेटी. चालणं म्हणजे कटिंग टेबलापासून ट्रायलच्या पडद्यापर्यंत. कंबर चाळीस. दर रविवारी मोजणार, म्हणजे प्रगती कळेल. प्रोग्राम संपूर्ण नैसर्गिक. गोळी नाही, डॉक्टर नाही. तीन महिन्यांत गाडी रुळावर.

मला स्वतःला काही नको. माझं वय चौपन्न. हे सगळं मास्तरांसाठी.

४ मार्च, मंगळवार.

अडचण एकच. जागा.

दुकान दहा बाय बारा. समोर मास्तर कापतात, अलीकडे मशीनवर मी, मधे स्टुलावर वन्सं काज-बटण करतात. वन्सं म्हणजे मास्तरांची मोठी बहीण. नवरा वारला तेव्हा पंधरा दिवसांसाठी आल्या होत्या. एकोणीस वर्षं झाली.

दुकानाच्या वर माळा. तिथे आम्ही दोघं झोपतो, वन्सं खाली, शिडीच्या तोंडाशी. शिडीची एकेक पायरी ओरडते. माळ्यावर मलाही ताठ उभं राहता येत नाही, पण माझ्या बाबतीत कारण छत आहे.

दिवसा तीन माणसं एका खोलीत, रात्री तीन माणसं दीड खोलीत. एक वाक्य बोलायला कोपरा नाही. म्हणून मास्तरांना प्रोग्रामचं खरं कारण सांगितलंच नाही. पोटासाठी आहे म्हटलं. कापडाला विचारून कोण कापतं?

५ मार्च, बुधवार. सकाळी ७.

शुभारंभ. बीट, डाळिंब, चार पाकळ्या लसूण, सगळं मिक्सरमध्ये. वन्सं खालून ओरडल्या, कारखाना काढला का काय! मास्तरांनी ग्लास घेतला, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. मीपण बघितलं. प्यायले.

मग वन्सं म्हणे, आणि मला? मला काय पोट नाही?

उद्यापासून दोन ग्लास.

९ मार्च, रविवार.

कंबर चाळीस. सूतभर हलली नाही. पहिला आठवडा धरायचा नसतो. मास्तर म्हणाले, अगं, माझी मापं कशाला घेतेस, मी काय गिऱ्हाईक आहे? म्हटलं, सरळ उभे राहा, पोट आत ओढू नका. सवयीने राहिले. माप देणारा माणूस वाद घालत नाही, हे मला एकतीस वर्षांत कळलंय.

१२ मार्च, बुधवार.

सिगरेट बंद. पाकीट मशीनच्या तेलात बुडवलं आणि टेबलावर ठेवलं. वाटलं आरडाओरडा होईल. काही नाही. पाकिटाकडे बघितलं आणि म्हणाले, बरं. माणूस हल्ली भांडतसुद्धा नाही. भांडण बाकी असतं तर मला इतकं लिहावं लागलं नसतं.

चालणंही सुरू. सकाळी पाऊण तास. मी सोबत जाणार होते, पण ज्यूस कोण करणार, शटर कोण उघडणार? ते चालतात, मी शटर उघडते. 

१५ मार्च, शनिवार. दुपारी.

आज खालच्या स्नायूंचा व्यायाम शिकवायचा होता. दाढीवाला म्हणतो, लघवी रोखताना आवळतो तसं आवळायचं, पाच मोजायचे, सोडायचं, दहा वेळा. वन्संच्या समोर कसं सांगणार? मास्तरांना ट्रायलच्या पडद्याआड ओढलं. दोघं आत मावत नाहीत, आरशाला चिकटून उभं राहावं लागलं. इतक्या जवळून त्यांना कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं. कानावरचे केस वाढलेत.

कानात सांगितलं. मास्तर म्हणाले, हे पोटासाठी? म्हटलं, हो, पोटाच्या खालच्या भागासाठी. पडद्याबाहेरून वन्सं म्हणतात, आत कोण आहे? गिऱ्हाईक तर आलंच नाही. मी म्हटलं, अस्तर शोधतोय. वन्सं म्हणाल्या, दोघं मिळून?

संध्याकाळी मास्तर कोट कापताना मधेच थांबले आणि तोंडातल्या तोंडात पाचपर्यंत मोजलं. वन्संनी विचारलं काय मोजतोस. बटणं, म्हणाले.

मनात म्हटलं, वाघ आहे माझा.

१६ मार्च, रविवार.

साडेएकोणचाळीस. लागला गुण.

१९ मार्च, बुधवार.

नवीन व्हिडिओ. नुसतं झिजवून चालत नाही, भरायलाही पाहिजे. झोपताना सात खजूर, दोन चमचे मध, एक केळं, वर दूध. सगळं निसर्गातलं, त्यामुळे जास्त झालं तरी त्रास नाही. मी खजूर दहा केले आणि मध चार चमचे. तीन महिन्यांचं काम दोन महिन्यांत होईल. मला दम निघत नाही, हा माझा एकच दोष.

वन्संनाही द्यावं लागतं. त्यांचे गाल वर आलेत.

२३ मार्च, रविवार.

एकोणचाळीस. एवढं खाऊन कंबर उतरतेय. दाढीवाला म्हणतो ना, नैसर्गिक खाणं अंगाला लागतं, चरबीला लागत नाही.

२७ मार्च, गुरुवार. सकाळी.

पहाटे शिडी ओरडली तशी मी जागी झाले. कूस वळवली, केस सारखे केले. मास्तर खाली गेले आणि वर आले. मग परत गेले. एकूण चार वेळा. लघवी.

ठीक आहे. आतलं सगळं धुऊन निघतंय. पाणी तरी किती पितात, तांब्याने तहान भागत नाही म्हणून आता कळशीच टेबलाशी ठेवलीय. दाढीवाल्याने सांगितलंच होतं, घाण बाहेर पडते.

वन्सं तणतणल्या, रात्रभर माझ्या डोक्यावरून ये-जा. मी म्हटलं, निजायला दुसरी जागा बघा. पंधरा दिवसांसाठी आलेल्या माणसाने कुठेही निजावं. तीन दिवस बोलणार नाहीत. शांतता तर शांतता.

३० मार्च, रविवार.

साडेअडतीस. वन्सं बोलत नाहीत. मास्तर तसेही बोलत नाहीत. मशीन बोलते.

२ एप्रिल, बुधवार.

मोरीत मुंग्यांची रांग. इतक्या मुंग्या जन्मात बघितल्या नाहीत. मध सांडला असणार. मी सांडलेला नाही, मास्तर बरणीला हात लावत नाहीत. उरलं कोण? सरळ विचारलं, वन्सं, मध चोरून खाता का. केवढं नाकाला झोंबलं! म्हणे, मी मोरीत बसून मध खाईन का गं? पण संशय आहे तो आहेच.

६ एप्रिल, रविवार.

अडतीस. मास्तरांच्या तिन्ही पँटी आत घेतल्या. पट्टा उसवून दोन इंच कापड काढलं. कापड बाजूला ठेवून बघत बसले. एवढा माणूस कमी केला मी, महिन्यात. कुठला डॉक्टर करील?

प्रत्यक्ष कामात अजून फरक नाही. पण पाया आधी बांधतात.

१० एप्रिल, गुरुवार.

आज एक विचित्र झालं. सुटाचं गिऱ्हाईक ट्रायलला आलं, डावी बाही दीड इंच आखूड. मास्तरांच्या हातून. एकतीस वर्षांत त्यांची कात्री चुकलेली मी पाहिलेली नाही. गिऱ्हाईक म्हणालं, मास्तर, हा हात माझा नाही का? मास्तर टेपवरचे आकडे डोळ्याजवळ नेऊन बघत राहिले. म्हणाले, रेघा एकमेकांत मिसळतात.

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना सगळ्याचं पाणी येतं.

मी विचार केला. माणसाचं लक्ष कधी उडतं? मनात दुसरं काहीतरी चालू असतं तेव्हा. बत्तिसाव्या वर्षी असेच नुसते बघत बसायचे माझ्याकडे, तेव्हाही एकदा खिसा उलटा लावला होता. म्हणजे मन जागं होतंय. शरीर पाठोपाठ येईल.

नवीन बाही मी कापली.

१३ एप्रिल, रविवार.

साडेसदतीस. दुपारी चारला मास्तर टेबलावर डोकं ठेवून झोपले. गालाला खडू लागला. शक्ती साठवतंय शरीर.

१५ एप्रिल, मंगळवार.

वन्संनी आज मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे स्टुलावरून जरा पुढे वाकल्या. म्हणाल्या, माझा भाऊ वाळत चाललाय, गळ्याची हाडं दिसायला लागली, डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, चाळीसची कंबर होती तेव्हा म्हणत होतात जाड झालाय. म्हणाल्या, जाड होता तेव्हा हसत होता.

बारीक माणूस बघवत नाही काही जणांना.

आणि डॉक्टरकडे जाऊन सांगायचं काय? डॉक्टरने विचारलं हा प्रोग्राम कशासाठी, तर? मास्तर लाजून मरतील. माझं काय, मी कुठेही बोलेन. पण मास्तरांचा विचार करावा लागतो.

१७ एप्रिल, गुरुवार.

थोरल्या लेकीला फोन केला. म्हटलं, आत्याला दोन दिवस तुझ्याकडे ने. म्हणाली, का गं, भांडलात? म्हटलं, नाही, तिला हवापालट. म्हणाली, आई, आम्ही चार गल्ल्या सोडून राहतो, कसला हवापालट? मी म्हटलं, विचारतेस कशाला, ने म्हटलं की न्यायचं. माझ्यावर गेलीय, चौकशा फार.

१९ एप्रिल, शनिवार. दुपारी.

वन्सं गेल्या. पिशवी भरायला सकाळ गेली, दारातून तीनदा परत आल्या. एकदा चष्मा, एकदा सुईचा डबा, एकदा नुसतंच.

दुकान केवढं मोठं वाटतंय. मी न्हाले. गळ्याशी नाजूक टीप मारलेला तो फिका गाऊन स्वतःसाठी शिवून सहा वर्षं ट्रंकेत आहे, तो काढला. कडक इस्त्री केली.

शटर सहालाच ओढणार.

२० एप्रिल, रविवार. सकाळी.

शटर सहाला ओढलं. जेवलो. खजूर, मध, केळं, दूध दिलं. वर गेलो. त्यांना म्हटलं, आज शिडी कितीही ओरडली तरी ऐकायला कोणी नाही. मास्तर हसले. बऱ्याच दिवसांनी. माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, तू किती दमतेस गं. मी म्हटलं, छे, मी कुठे दमते, तुम्ही.

पुढचं वाक्य मी मनात जुळवत होते तोवर घोरायला लागले. साडेआठ वाजले होते. हात तसाच माझ्या हातात. मी बराच वेळ तशीच बसून राहिले, वाकून, छतामुळे.

भरपूर झोप हा प्रोग्रामचाच भाग आहे. तेव्हा वाया गेलं असं म्हणता येणार नाही.

कंबर सदतीस.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

वन्सं परत. एक दिवस आधीच. करमेना म्हणाल्या. स्टुलावर बसल्या, गाऊनकडे बघितलं आणि म्हणाल्या, हा कोणाचा शिवलास? गिऱ्हाइकाचा, म्हटलं.

२४ एप्रिल, गुरुवार.

निश्चय: हप्त्याभरात डोस दीडपट. बीटाऐवजी नुसतं डाळिंब. खजूर पंधरा. वर अक्रोड.

मास्तर म्हणाले, गोड नको वाटतं आता. मी म्हटलं, वाटण्यावर सोडलं असतं तर आज चाळीस असती कंबर.

२७ एप्रिल, रविवार.

साडेछत्तीस.

४ मे, रविवार.

छत्तीस. चार इंच! थोरलीच्या जन्मावेळी होती तेवढी.

मास्तरांना आरशापुढे उभं केलं. म्हटलं, बघा. त्यांनी बघितलं. म्हणाले, माझ्या बापासारखा दिसतो मी, शेवटी शेवटी.

बापाची आठवण येतेय म्हणजे भावना जाग्या होतायत.

७ मे, बुधवार.

आज खात्री पटली. लिहून ठेवते, नंतर कोणी विचारलं तर दाखवायला.

संध्याकाळी मास्तर माझ्यापुढे शिडी चढत होते. तळपायाला काहीतरी चमकलं. थांबवलं, पाय धरला. टाचणी. डोक्यापर्यंत रुतलेली, करंगळीच्या जरा मागे. सकाळपासून असणार, कारण सकाळीच टाचण्यांचा डबा सांडला होता. दिवसभर तिच्यावर उभे राहून दोन सूट कापले. मी ओढून काढली तर विचारतात, काय काढलंस गं?

मला बोटाला सुई टोचली तरी मी शिव्या घालते. आणि हा माणूस टाचणीवर उभा राहतो, कळतसुद्धा नाही! लोखंड झालंय लोखंड. दोन महिन्यांपूर्वी साधी चप्पल चावली तरी कुरकुर करायचे.

दाढीवाल्याला मेसेज लिहिणार होते, धन्यवादाचा. स्पेलिंग येईना, राहिलं.

१० मे, शनिवार.

पायाला जरा लाली आहे. मलम लावलं. दुखतं का विचारलं. नाही म्हणाले. मग झालं.

११ मे, रविवार.

कंबर मोजायची राहिली. पाय सुजलाय, उभं राहून तोल जातो. दुखत नाही म्हणतात. चालणं बंद आहे, तो एक प्रोग्रामला धक्का.

१३ मे, मंगळवार. दुपारी, दवाखान्याच्या बाकावर.

वन्संनी सकाळी मोजा काढला मास्तरांचा. मला नको म्हणाले होते, बहिणीला नको म्हणता आलं नाही. वास दुकानभर पसरला. टाचणीच्या जागी रुपयाएवढं काळं. वन्संनी सुई खाली ठेवली. एकोणीस वर्षांत दुपारी बाराच्या आधी ती सुई खाली ठेवलेली मी बघितली नाही. मला म्हणाल्या, शटर ओढ. भावाला म्हणाल्या, ऊठ. आम्ही दोघं उठलो.

आत्ता ते आत आहेत. मी वही बरोबर का आणली कोण जाणे. हाताला काहीतरी लागतं.

त्याच दिवशी. संध्याकाळी.

डॉक्टर बाई तरुण आहेत, थोरलीएवढ्या. पाय बघितला, मग प्रश्न विचारायला लागल्या. मास्तर गप्प, म्हणून मी उत्तरं दिली. मला सगळं तोंडपाठ.

तहान फार लागते का? म्हटलं, कळशी लागते, सत्तावीस मार्चपासून. रात्री उठावं लागतं? चार वेळा, आता पाच. नजर? दीड इंच चुकली, दहा एप्रिल. वजन उतरलं? म्हटलं, वजनाचं माहीत नाही, कंबर चाळीसवरून छत्तीस, दर रविवारी मी स्वतः मोजते.

मला वाटलं, आता म्हणतील शाबास.

बाईंनी लिहायचं थांबवलं. पेन तसंच कागदावर ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग मास्तरांच्या बोटाला सुई टोचून थेंब घेतला. मशीनवर आकडा आला चारशे बारा. मी विचारलं, चांगला आहे का?

साखर. म्हणे किती दिवसांची आहे काही सांगता येत नाही. म्हणे पायाच्या नसा बधिर झाल्यात, म्हणून टाचणी कळली नाही. मग विचारलं, खायला काय देत होता. मी सांगायला लागले. खजूर म्हटलं. मध म्हटलं. केळं म्हणताना माझाच आवाज मला लहान ऐकू आला. अक्रोड मोठ्याने म्हटलं, पण त्याने फार फरक पडला नाही.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उलट ओरडले असते. त्या हळू म्हणाल्या, चालायला लावलंत आणि सिगरेट सोडवलीत, या दोन गोष्टी फार चांगल्या केल्यात. बाकीचं कोणी सांगितलं?

मी म्हटलं, मोबाइलने.

कशासाठी देत होता, असंही विचारलं. पोटासाठी, म्हटलं.

मास्तरांना ठेवून घेतलं.

१५ मे, गुरुवार.

पाय दोनदा साफ केला. करंगळी आणि शेजारचं बोट जाईल की राहील, शनिवारी सांगतो म्हणाले. वन्संना कळलं तर त्या काय म्हणतील या भीतीने मीच आधी सांगितलं सगळं. खजूर, मध, सगळं. वन्संनी डबा भरला आणि माझ्या हातात दिला. दोन माणसांचा होता.

त्यांचीपण साखर तपासून घेतली, तेच सगळं खाल्लं म्हणून. एकदम नॉर्मल. बाई म्हणाल्या, या वयात असा रिपोर्ट क्वचित बघायला मिळतो.

१७ मे, शनिवार.

बोटं राहिली. बाई म्हणाल्या, अजून दोन दिवस घरी थांबला असता तर राहिली नसती.

जिन्यात जाऊन बसले जरा. तिथे कोणी नसतं. मग एक झाडूवाली आली, म्हणाली, ताई, पाय वर घ्या.

२५ मे, रविवार.

घरी. शिडी बंद सांगितलीय, म्हणून मास्तर खाली निजतात, कटिंग टेबलाशेजारी. वन्सं पलीकडे. माळ्यावर मी एकटी. चांगली ऐसपैस जागा आहे.

इन्सुलिनची सुई रोज मी टोचते, पोटाला. एकतीस वर्षं हातात सुई आहे, पहिल्या दिवशी तीनदा टेकवून मागे घेतली, तेव्हा मास्तर म्हणाले, अगं, अस्तर समज. वन्सं हसल्या. मास्तर हसले. मीपण हसले, पण टोचून झाल्यावर.

दाढीवाला मोबाइलवरून काढून टाकला. कसं काढायचं ते थोरलीने सांगितलं. तिला सांगितलं की स्वयंपाकाचे व्हिडिओ होते.

१ जून, रविवार.

टेप घेतला आणि ठेवून दिला.

९ जून, सोमवार. संध्याकाळी.

आज मास्तरांना तपासणीला नेलं. वन्सं दुकानात. दोघंच गेलो. किती तरी वर्षांनी दोघंच कुठे तरी गेलो, ते दवाखान्यात.

बाकावर पाऊण तास बसवलं. समोर भिंतीवर चार्ट. साखर वाढली की शरीर काय सांगतं. मला वाचायला वेळ लागतो, एकेक शब्द लावून वाचलं. तहान. झालं होतं. वारंवार लघवी. झालं होतं. वजन उतरणं, नजर अंधुक होणं, पाय बधिर होणं, जखम न भरणं. सगळं मीच वहीत लिहिलंय, फक्त उलट्या बाजूने. आणि सातव्या नंबरला, बारीक अक्षरात: पुरुषांमध्ये ताठरता कमी होणे. हे कधीकधी सर्वांत आधी दिसणारे लक्षण असते. हृदयाच्या आजाराचीही ही सूचना असू शकते. उपचार आहेत. संकोच न करता डॉक्टरांना सांगा.

मी दोनदा वाचलं. शेजारी बघितलं तर मास्तरांची नजरही तिथेच. मग त्यांनी पंख्याकडे बघितलं. मीपण पंख्याकडे बघितलं.

मग मास्तर पंख्याला सांगितल्यासारखं म्हणाले, तीन वर्षं.

मी म्हटलं, काय तीन वर्षं? म्हणाले, आठ महिने नाही. तीन वर्षं झाली. आधी कमरेचं दुखणं सांगायचो, मग सिझनचं काम. तू झोपेपर्यंत खाली कापत बसायचो.

तीन वर्षं दहा बाय बारामध्ये समोर बसून मी या माणसाची कात्री ऐकली, आणि मला वाटायचं धंदा चांगला चाललाय.

मी म्हटलं, सांगायचं नाही का? म्हणाले, तू तरी कुठे विचारलंस, ज्यूस दिलास.

म्हटलं, ठीक आहे. आज सांगायचं. तुम्हाला नसेल जमत तर मी सांगते. भिंतीवर लिहिलंय, सरकारी अक्षरात, मग लाजायचं कशाला? माझ्या जिभेला हाड नाही. सरळ सांगणार, अमुक होत नाही, तीन वर्षं झाली, औषध द्या. मास्तरांनी मान हलवली. पंख्याकडे बघतच हो म्हणाले.

नंबर आला. आत गेलो. बाईंनी पाय बघितला, छान भरतोय म्हणाल्या. साखरेचा कागद बघितला, छान उतरतेय म्हणाल्या. सुई कोण देतं? मी, म्हटलं. छान देता म्हणाल्या. आता सगळं विचारून झालं होतं. त्यांनी पेन हातात धरलं, आमच्या दोघांकडे बघितलं आणि विचारलं, अजून काही तक्रार? काहीही असो, मोकळेपणी सांगा.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडलं. बाईंच्या पांढऱ्या कोटाचा खिसा अर्धा सूत तिरका लागलाय, तेवढंच दिसत होतं मला. कोणी शिवला कोण जाणे.

म्हटलं, नाही हो बाई. बाकी सगळं उत्तम आहे.

बाईंनी लिहिलं, तक्रार नाही. पुढची तारीख तीन महिन्यांनी.